कोरलई : एका लहानशा गांवाची भाषा

विद्यार्थिमित्रहो, रायगड जिल्ह्याचा नकाशा उघडून पाहा. अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिका नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस रेवदंडा व प्राचीन चौल बंदर, आणि दक्षिणेस समुद्रांत शिरलेल्या डोंगरावर कोरलईचा किल्ला. त्या डोंगराच्या पायथ्याशीं कोरलई गांव आहे. तेथील ख्रिस्ती वस्तींत हजाराच्या आंतबाहेर माणसें अशी एक भाषा बोलतात, कीं जी वरूडास तर नाहींच, पण खुद्द पोर्तुगालांतही कोणास नीट समजावयाची नाहीं. तिला तीं ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असें म्हणतात.

अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं चौलास कोट बांधावयास घेतला. समोरचा डोंगर त्यांनीं १५९४ सालीं लढून घेतला. पोर्तुगीज शिपाई, येथील स्त्रिया, नव्यानें ख्रिस्ती झालेलीं गरीब कुटुंबें व चाकरमाणसें यांच्या संसारांतून ही बोली जन्मली. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकली, व पुढच्याच वर्षीं चौलही मराठ्यांस मिळालें. मोठे साहेब जहाजांत बसून निघून गेले. गरिबांस कोण नेणार? तीं जमीन कसत तेथेंच राहिलीं.

आतां नवल असें कीं, राज्य गेल्यावर सुमारें पावणेतीनशें वर्षें ही भाषा टिकली. शेजारी हिंदू व मुसलमान. त्यांच्याशीं सोयरीक होऊं नये म्हणून धर्म आडवा, आणि इतर ख्रिस्ती लोकांशीं होऊं नये म्हणून जात आडवी. (ख्रिस्तमंडळींत जात राहावी, ही लाजिरवाणी गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं.) शिवाय देवळांतील उपासना दीर्घकाळ पोर्तुगीजांतच होत असे. अशा रीतीनें कांहीं कुंपणानें व कांहीं प्रार्थनेनें ती भाषा राखली गेली.

शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीच्या वळणाची, असें तिचें रूप आहे. पोर्तुगीज मनुष्य क्रियापद वाक्याच्या मध्यें घालतो. कोरलईचा मनुष्य आपल्यासारखें शेवटीं घालतो. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन पंडितानें तेथें राहून अभ्यास केला व १९९६ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपणही देणेंकरी आहोंच : पाव, बटाटा, चावी, पगार, अननस, बालदी हे शब्द त्याच गलबतांतून आले.

आर्मेनियन लोकांचें उदाहरण यासंबंधीं आठवतें. तेही लहान राष्ट्र, व्यापारानिमित्त देशोदेशीं पांगलेलें. मुंबईच्या कोटांत त्यांनीं १७९६ सालीं उपासनामंदिर बांधलें. परंतु मेस्रोप माश्तोत्स यानें ४०५ सालच्या सुमारास त्यांच्यासाठीं लिपी रचली, आणि लवकरच पवित्र शास्त्र त्यांच्या भाषेंत आलें. दूरच्या खेड्यांतल्या आर्मेनियन मुलासही आपली भाषा पुस्तकांत सांपडते. कोरलईच्या मुलास सांपडत नाहीं. त्याची भाषा आईच्या तोंडींच काय ती आहे.

१९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोमन कॅथलिक देवळांतून देशी भाषा आल्या, व कोरलईस प्रार्थना मराठींत होऊं लागली. शाळा मराठी होतीच. पुढें खाडीवर पूल झाला आणि तरुण मंडळी नोकरीस बाहेर पडूं लागली. आईबाप मुलांशीं मराठी बोलूं लागले, तें मुलांच्या कल्याणासाठींच. त्यांस दोष कसा द्यावा?

दोष द्यावयाचाच तर तो मजसारख्या शिक्षकास द्यावा. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका मुलानें निबंधांत ‘मले आजीनं सांगितलं’ असें लिहिलें होतें. मीं ‘मले’ या शब्दाभोंवतीं लाल वर्तुळ काढून तें वाक्य वर्गांत वाचून दाखविलें. मुलें हंसलीं. त्या मुलानें पुन्हां आजीचें नांव निबंधांत काढलें नाहीं. शुद्ध मराठी शिकविणें माझें कर्तव्यच होतें, पण तें एकांतांत सांगतां आलें असतें.

पालकांसही एक विनंति. आपल्या तालुक्यांत वऱ्हाडी आहे, पांढुर्ण्याकडे हिंदी आहे, मेळघाटांत कोरकू आहे. येत्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आजी-आजोबांजवळ बसून शेतांतले, चुलीजवळचे व संत्र्याच्या बागेंतले असे वीस शब्द लिहून आणावेत, कीं जे पाठ्यपुस्तकांत नाहींत. त्या वह्या मी तपासीन; लाल पेन्सिल मात्र घेणार नाहीं.