पहिल्या उसळीनंतर

सेस्ना 172 सारखं लहान विमान धावपट्टीवर पहिल्यांदा आपटतं तेव्हा सहसा काही मोडत नाही. मोडतं ते दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या आपटीला. उजव्या सीटवर बसून शिकवताना हे मी प्रत्येकाला सांगत आले. एकदा मात्र धावपट्टीच्या कडेला उभी राहून तसंच घडताना पाहिलं.

मे महिन्यातली दुपार, पठारावरची छोटी धावपट्टी. लायसन्स घेऊन बरीच वर्षं झालेले एक गृहस्थ दोन पाहुण्यांना फिरवून परत येत होते. विंडसॉक सांगत होता की वारा त्यांच्या पाठीमागून आहे. फार नव्हे, सहा नॉट असेल. दुसऱ्या टोकाकडून उतरायचं तर एक चक्कर मारावी लागली असती. ते सरळ आले, आणि वेगात आले. चाकं टेकायच्या बेतात विमान तरंगतच राहिलं. पट्टी संपत चालली तसं त्यांनी ते जबरदस्तीनं टेकवलं. विमान उसळलं, त्यांनी नाक खाली दाबलं, नोज व्हील आधी आपटलं, पुन्हा उसळी. तिसऱ्यांदा पुढचा पाय वाकला आणि प्रोपेलर जमिनीला लागला. माणसं सुखरूप उतरली, हे नशीब.

नंतर ते म्हणाले, “मॅडम, पुन्हा वर नेलं असतं तर पाहुणे घाबरले असते.”

या एका वाक्यात निम्मे अपघात येतात. वैमानिकाला गो-अराउंड येत असतो, पण चारचौघांत करायची लाज वाटते.

आता हिशेब बघा. या विमानाचं हँडबुक सांगतं की वारा पाठीमागून असेल तर दर 2 नॉटला उतरण्याचं अंतर 10 टक्के वाढवा. सहा नॉटला झाले 30 टक्के. 65 नॉटऐवजी 75 नॉटने आलात तर ब्रेकांना जिरवायची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. त्यात उन्हाळ्यातली पठारावरची विरळ हवा. काटा तोच वेग दाखवतो, पण जमिनीवरचा वेग जास्त असतो. शिवाय जमिनीपासून पंखांच्या लांबीइतक्या, म्हणजे साधारण 11 मीटरच्या आत आलं की हवेचा अडथळा कमी होत जातो. जादा वेग अशा जागी लवकर उतरत नाही. माझ्या मते बाउन्सचं मूळ हातात कमी आणि फायनलवरच्या वेगात जास्त असतं.

उसळी बसलीच तर नाक दाबू नका. तुमचा हात विमानाच्या हालचालीपेक्षा अर्धा क्षण मागे असतो, त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती चुकीच्या वेळी पोचते आणि पुढची उसळी आणखी मोठी होते. उसळी लहान असेल तर नाक उतरण्याच्या स्थितीत धरा, थोडी पॉवर द्या, बसू द्या. मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल आणि वर.

वर जातानाही घाई नडते. फ्लॅप एकदम शून्यावर आणले तर विमान खाली बसतं. 30 वरून आधी 20, मग वेग आणि चढ पक्का झाल्यावर बाकीचे. उतरण्यासाठी लावलेला ट्रिम नाक जोरात वर ढकलेल, ते दाबून धरावं लागतं. उजवा रडर विसरलात तर विमान डावीकडे ओढेल. हे सगळं घाबरलेल्या क्षणी सुचत नाही, म्हणून एखादा प्रशिक्षक सोबत घेऊन मुद्दाम करून बघा. मी स्वतःपुरती रेघ आखली आहे: 300 फुटांवर वेग, रेषा आणि उतार यांतलं एक जरी बिघडलेलं असेल तर वर. पट्टीच्या पहिल्या तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तरी वर.

मोठ्या विमानतळाच्या रुंद पट्टीवर शिकलेल्यांनी अरुंद पट्टीवर जास्त जपावं. अरुंद पट्टी बघून आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असं वाटतं, आणि माणूस नकळत खाली येतो.

आणि जोरात आपटूनही विमान चालत हँगरला आलं, तर लगेच पुढचं उड्डाण नको. या विमानाचा पुढचा पाय फायरवॉलला जोडलेला असतो. तिथला पत्रा सुरकुतलाय का ते इंजिनिअरला बघायला लावा. प्रोपेलरचं टोक जमिनीला नुसतं घासलं असेल तरी इंजिन उघडून तपासल्याशिवाय चावी लावू नका.