मुकादमावांचून शिस्त

शाळेंतील शिस्त कोठून येते हें तुम्हांस सांगावयास नको. घंटा वाजते, कवायतीचे गुरुजी शिटी फुंकतात आणि रांगा सरळ होतात. पळसदरीहून घाटाकडे दृष्टि टाकली तरी हाच प्रकार दिसतो. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा चढ. गाडीस मागून रेटा देणारीं इंजिनें कर्जतला जोडतात आणि पुढील व मागील चालक ठरलेल्या संकेतांनींच चालतात. तेथें आराखडा आधीं व काम मागून. यामुळें आपल्या मनाची अशी समजूत होऊन बसते कीं, जेथें शिस्त आहे तेथें कोणी तरी मुकादम असलाच पाहिजे. निसर्गांत ही समजूत कितपत टिकते तें पाहूं.

मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या सरींच्या आगेंमागें, कोंदिवड्याहून कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीची वाट चढावी. काळोख दाटला म्हणजे हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे चमकूं लागतात. प्रथम जो तो आपल्या मर्जीप्रमाणें लुकलुकतो. मग हळूहळू एकाच झाडावरील शेंकडों काजवे एका ठेक्यांत पेटूं व विझूं लागतात, आणि सबंध झाड श्वास घेत आहे असें वाटतें. यांत ठेका धरून देणारा कोण?

हा प्रश्न विद्वानांसही फार दिवस सुटला नाहीं. १९१७ सालीं फिलिप लॉरेंट या अमेरिकन गृहस्थांनीं तर असें लिहिलें कीं, काजवे एकदम चमकतच नाहींत. पाहणाऱ्याच्याच पापण्या लवतात आणि त्यामुळें तसा भास होतो! कीटकांनीं असा मेळ साधणें त्यांस निसर्गनियमांच्या विरुद्ध वाटलें. मुकादम सांपडला नाहीं म्हणून शिस्तच नाकारावयाची, असा हा युक्तिवाद. पुढें १९३५ सालीं ह्यू स्मिथ यांनीं सयाम देशांतील नदीकांठच्या झाडांवरील काजव्यांचें प्रत्यक्ष पाहिलेलें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां पापण्यांची गोष्ट मागें पडली. पण कारण तेवढ्यानें कळलें नाहीं. त्याचा माग जॉन बक व त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनीं काढला. बँकॉकमधील आपल्या अंधाऱ्या खोलींत त्यांनीं सयामी काजवे सोडले. ते आधीं भिरभिरले, मग भिंतींवर व छतावर बसले. प्रथम दोन शेजारी एका ठेक्यावर आले, मग तीन, मग आणखी. शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे ही लय पसरत गेली. झाडाचा प्रभाव म्हणावा तर तेथें झाडच नव्हतें.

उलगडा असा आहे. प्रत्येक काजव्याच्या शरीरांत एक घड्याळ असतें आणि त्याचा ठोका पडला कीं प्रकाश निघतो. मात्र शेजाऱ्याचा प्रकाश दिसतांच हें घड्याळ किंचित् पुढें किंवा मागें सरकतें. प्रत्येकजण एवढेंच करतो; सबंध झाडाची कल्पना कोणासही नसते. अशा घड्याळांचा मेळ आपोआप कसा बसूं शकतो, हें रेनाटो मिरोलो व स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या गणितज्ञांनीं १९९० सालीं सिद्ध करून दाखविलें. शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या लहान व्यवहारांतून मोठी रचना उभी राहणें, यालाच शास्त्रांत स्वयंसंघटन म्हणतात.

वारुळाची कथाही याच जातीची. लोक समजतात कीं, वाळवीची राणी हुकूम सोडते. ती बिचारी अंडीं घालते. बांधकामाचा हुकूम तिच्याकडून जात नाहीं. पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनीं १९५९ सालीं असें मत मांडलें कीं, झालेलें कामच पुढील कामकऱ्यास काम सांगतें. एकीनें ठेवलेला मातीचा गोळा दुसरीस तेथेंच गोळा ठेवण्यास प्रवृत्त करतो, आणि खांब चढत जातो.

सजीवांस निदान डोळे, स्पर्श, वास तरी आहे, दगडास काय? मुंबईस अंधेरी येथें गिल्बर्ट टेकडी आहे. सुमारें दोनशें फूट उंचीचे काळ्या बसाल्टाचे उभे खांब तेथें एकमेकांस चिकटून उभे आहेत, आणि ते कोणी पाथरवटानें घडविले असावेत असेंच प्रथमदर्शनीं वाटतें. आपला सह्याद्रि ज्या लाव्हारसाचा झाला, त्याच्याच घराण्यांतील हा दगड. वय सुमारें साडेसहा कोटि वर्षें. रस थंड होतांना आकसतो आणि तडकतो. वैशाखांत भाताचें खाचर प्रथम वाळतें तेव्हां नवी भेग जुन्या भेगेस बहुधा काटकोनांत मिळते, हें तुम्हीं पाहिलें असेल. लाव्हाच्या पृष्ठावरही आरंभीं अशीच बेशिस्त असते. पण थंडावा जसजसा आंत उतरतो, तसतशा भेगा थोड्या थोड्या सरकतात, त्यांचे सांधे १२० अंशांकडे झुकतात, आणि अव्यवस्थित चौकटींतून पुष्कळसे षट्कोनी खांब निघतात. मात्र षट्कोन मधमाश्यांच्या पोळ्यांतही आहे म्हणून दोहोंचें कारण एकच, असें मानणें उतावळेपणाचें होईल. मेण आणि लाव्हा यांचे नियम निराळे. मुकादम नाहीं, एवढेंच दोहोंत साम्य.

अशी शिस्त मोडते मात्र लवकर. काजव्याचें सर्व काम शेजाऱ्याचा मंद प्रकाश दिसण्यावर चालतें. त्या प्रकाशानेंच नर मादीस बोलावतो, आणि हा सारा खटाटोप पुढील पिढीसाठीं असतो. अलीकडे काजवे पाहण्यास येणाऱ्यांची दाटी होते. मोटारींचे दिवे व विजेऱ्या झाडांवर रोखल्या जातात, आणि शेजारी शेजाऱ्यास दिसेनासा होतो. पालकांनीं मुलांस तेथें न्यावें, पण विजेरीवर लाल कागद बांधावा, ती जमिनीकडेच धरावी आणि झाडापासून दूर बसावें.

मुलांनीं सोबत वही न्यावी. झाड ज्या वेळीं पेटतें, त्या वेळीं पहिली चमक कोणत्या फांदीवर उठली, याची दहा-वीस वेळां नोंद करावी. ठेका देणारा मुकादम असेल, तर ती प्रत्येक वेळीं एकाच ठिकाणाहून उठली पाहिजे.