डाग जाईपर्यंत थांबू नका

"एकदा हे गेलं की मग बघू." बोटांच्या टोकांवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग दिसू लागले, तेव्हापासून घरात हे वाक्य रोजचंच झालं. मग बघू नोकरीचं, मग बघू लग्नाचं. भर मे महिन्यात मी मनगटापर्यंत बाह्यांचे ड्रेस घालायचे. संक्रांतीच्या एका हळदीकुंकवाला काकू सगळ्यांच्या हाताला अत्तर लावत आल्या, माझ्यासमोर मात्र कुपी मागे घेतली आणि तिळगूळ टीपॉयवर ठेवून पुढे गेल्या. ते फार लागलं मला.

ज्यांच्या अंगावर पहिला डाग नुकताच उठलाय, त्यांना म्हणून सांगते. कोड संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून ते होतं. माशांवर दूध प्यायल्याने नाही. कुणी कितीही मायेने सांगितलं तरी बावचीचं तेल चोळून उन्हात बसू नका. त्यातल्या सोरालेनमुळे ऊन लागलं की कातडी भाजते. माझ्या मनगटावर टरारून फोड आले होते आणि ते बसल्यावर तिथला डाग आधीपेक्षा मोठा दिसू लागला. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, थायरॉइड तपासून घ्या. परकराची नाडी, चपलेचा पट्टा जिथे घासतो तिथे नवे डाग उठू शकतात, तेवढं जपा. चेहऱ्यावरचा रंग बऱ्याचदा परततो. बोटांचा आणि ओठांचा सहसा हटून बसतो. हे आधीच ठाऊक असलेलं बरं, म्हणजे दर महिन्याला नव्याने खचायला होत नाही.

उपचार जरूर करा, पण त्यांच्यापायी आयुष्य खोळंबून ठेवू नका. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००६ सालच्या 'नितळ'मध्ये देविका दफ्तरदारने कोड असलेली डॉक्टर उभी केली आहे. ती काही लपवत नाही, हे पाहताना मला रडूच फुटलं. आता लोकलमध्ये कुणी टक लावून पाहिलं, तर मी आपणहून सांगते, "कोड आहे हे. हात लावलात तरी काही होत नाही." बहुतेक जण सरकून जागा देतात, बोलायला लागतात. जे तोंड फिरवतात त्यांच्यासाठी बाह्या लांब करायच्या नाहीत, हे मी ठरवून टाकलंय.

आईवडिलांना हात जोडून विनंती आहे. लेकीला रोज सकाळी खिडकीपाशी उभं करून डाग कमी झालाय का ते पाहू नका. तिच्या परीक्षेचं विचारा, मैत्रिणींचं विचारा, आणि पुढच्या लग्नकार्यात तिला फोटोत पहिल्या रांगेत उभी करा.