आपले घर, आपल्या मापाचे

आमचे मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचे एदलाबाद. जवळच चांगदेवला तापी आणि पूर्णा एकमेकींना मिळतात. इकडची जमीन काळी. तिच्यात कापूस चांगला येतो, केळी चांगली येते. पण हीच माती घराची वैरीण आहे. पावसात ती फुगते. उन्हाळ्यात आटते आणि तिला भेगा पडतात. पाया उथळ असला की भिंत तडकते.

पूर्वी आपल्याकडे धाब्याची घरे होती. भिंती मातीच्या आणि जाड, म्हणून आत गारवा असे. पण धाबे दर पावसाळ्याआधी माती टाकून नीट करावे लागे. आता सगळ्यांना पक्के घर पाहिजे. पाहिजेच! पण ते कर्जात न बुडता झाले पाहिजे.

खेड्यातील बेघर आणि कच्च्या घरात राहणाऱ्या लोकांसाठी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली. सपाट भागात एका घराला १ लाख २० हजार रुपये मदत ठरली. घर कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. १८ फूट लांब आणि १५ फूट रुंद जागा अंगणात आखून पाहा. तेवढे घर. चुलीची जागा त्यातच.

मदत एकदम मिळत नाही. जसे काम होते, तसा हप्ता बँकेत जमा होतो. इथेच पुष्कळ जण फसतात. "एकदाच बांधायचं, तर मोठं बांधू," असे म्हणतात. पहिला हप्ता पायातच संपतो. भिंती उठत नाहीत. काम नाही, म्हणून पुढचा हप्ता नाही. मग सावकाराचे दार!

म्हणून आम्ही सांगतो, घर लहान ठेवा, पण पाया पक्का घ्या. मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर जाणत्या माणसाला विचारा. दुसरी खोली पुढे जोडता येईल.

आणि आपण वाचायला शिकलो ते कशासाठी? घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे येते. तिथे जा, आपले नाव स्वतः वाचा. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करता येते. कागदावर तिचे नाव नीट लिहिले आहे ना, ते पाहा. पासबुकात किती जमा झाले, ते वाचा. मंजुरीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. न वाचता अंगठा नको, सहीही नको.

आज रात्री वर्गात आपले घर पाटीवर काढा. पाया, भिंती, छत, प्रत्येकापुढे खर्च लिहा. बेरीज मदतीपेक्षा जास्त झाली, तर आधी पाटीवरचे घर लहान करा.