संगणकाच्या बिनतारी जोडणीस मर्यादा

उद्देश : शाळेच्या संगणकाने कोणत्या प्रकारच्या बिनतारी जाळ्यात सामील व्हावे व कोणता प्रकार वर्ज्य करावा, हे शिक्षकांस कळावे आणि ती व्यवस्था स्वतः करता यावी.

विवेचन : वायफायचे मूळ मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यात जाळ्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या, ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ प्रकारात सर्व व्यवहार राउटरसारख्या मध्यवर्ती यंत्रामार्फत होतो. दुसऱ्या, ‘अॅड-हॉक’ प्रकारात मध्यस्थ नसतो. संगणक परस्परांशी थेट जोडले जातात. गावच्या नळावर पाणी भरणे आणि वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाच्या घागरीतून ओतून घेणे, यांत जो भेद तोच येथे समजावा.

दाखला : २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपी प्रणालीतील संगणक, ओळखीचे जाळे न सापडल्यास, पूर्वी जोडलेल्या अॅड-हॉक जाळ्याचे नाव स्वतःच प्रसारित करी. ‘फ्री पब्लिक वायफाय’ हे नाव अमेरिकेतील विमानतळांवर असेच एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पसरले. लोक फुकट इंटरनेटच्या आशेने जोडले जात. इंटरनेट तर मिळत नसेच. उलट परक्यास आपल्या संगणकाकडे येण्याची वाट मोकळी होई. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा व इतर नोंदी असतात, म्हणून ही दक्षता अगत्याची होय.

कृती (विंडोज ७ व त्यापुढील प्रणाली) :
१. ‘कमांड प्रॉम्प्ट’ प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा.
२. ‘नेटएसएच’ साधनाच्या ‘डब्ल्यूलॅन’ विभागात ‘अॅड फिल्टर’ ही आज्ञा द्यावी. परवानगी ‘डिनायऑल’ व जाळ्याचा प्रकार ‘अॅडहॉक’ लिहावा.
३. त्याच विभागात ‘शो फिल्टर्स’ या आज्ञेने नोंद पडताळावी.
४. बंधन काढावयाचे झाल्यास ‘अॅड’च्या जागी ‘डिलीट’ लिहून तीच आज्ञा द्यावी.

सावधगिरी : प्रकाराच्या जागी चुकून ‘इन्फ्रास्ट्रक्चर’ लिहिल्यास, स्वतंत्र परवानगी दिलेली जाळी वगळता राउटरची सर्व जाळी बंद होतील. मोबाइलचा हॉटस्पॉट पहिल्याच प्रकारात मोडत असल्याने या बंधनाने तो अडत नाही. मात्र हे बंधन केवळ प्रकार पाहते, जाळ्याच्या मालकाची सचोटी नव्हे. खोट्या नावाच्या राउटरपासून ते रक्षण करीत नाही; तेथे शिक्षकाचा विवेकच कामी येतो.

उजळणी :
१. दोन प्रकारांतील भेद मुलांस समजेल अशा दुसऱ्या उदाहरणाने सांगा.
२. बंधन घातल्यावरही अनोळखी खुले वायफाय का टाळावे?