महामारी आणि आरोग्यव्यवस्थेची रचना : कुरुंदवाडहून केलेला एक विचार

वार्षिक अहवालात जमाखर्चाबरोबर एखाद्या आरोग्यविषयाचा परामर्श घ्यावा, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळी आम्ही कोविडच्या महामारीकडे वळून पाहत आहोत. औषधे, लस आणि प्राणवायू यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रोग सर्वत्र तोच असताना उपचार कोणापर्यंत केव्हा पोहोचले, हे कशाने ठरले, असा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी व्यवस्थेच्या रचनेत सापडते आणि ती रचना साथ येण्यापूर्वीच ठरलेली असते.

रुग्ण एक, यंत्रणा अनेक

आपल्या राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. देशव्यापी टाळेबंदी मात्र केंद्राने २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जाहीर केली. राज्याच्या आतही विभागणी आहेच. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत, शहराची स्वच्छता नगरपरिषदेकडे, तर कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाशी जोडलेले. खासगी व धर्मादाय रुग्णालये या साऱ्यांहून निराळी.

त्यातच आमचे शहर जिल्ह्याच्या कडेला वसलेले. मिरज आम्हांला कोल्हापूरपेक्षा जवळ, परंतु जिल्हा सांगली. दुसऱ्या बाजूस थोड्याच अंतरावर कर्नाटक. रुग्णाचे नातेवाईक जवळचे रुग्णालय शोधतात, पण जिल्हा बदलला की खाटांची यादी बदलते. दुसऱ्या लाटेत आमच्या दूरध्वनीवर येणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असे : “बेड कुठं मिळेल?” कित्येकदा आम्हांला त्याचे खात्रीशीर उत्तर देता आले नाही, हे येथे प्रांजळपणे नोंदवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कोणते काम कोणत्या पायरीवर?

काही कामे वरच्या पायरीवरच नीट होतात. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लसखरेदीचा भार राज्यांवर आला. राज्ये जागतिक निविदा काढू लागली. एकाच मालासाठी अनेक खरेदीदार उभे राहिले. अखेर २१ जूनपासून राज्यांच्या वाट्याची खरेदी केंद्राने पुन्हा आपल्याकडे घेतली.

ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे. त्यामुळे तेथे मार्च २०२० पासून शंभराहून अधिक रुग्णालयांत एकाच पद्धतीने औषधांची चाचणी घेता आली. डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जूनमध्येच कळले. त्या ज्ञानाचा उपयोग जगभर झाला. मात्र त्याच सेवेत इतर आजारांवरील उपचार लांबले आणि २०२३ मध्ये इंग्लंडमधील प्रतीक्षायादी सत्तर लाखांवर गेली. एकसंध रचनेलाही पुरेशा खाटा व मनुष्यबळ लागतेच.

काही कामे मात्र उंबरठ्यावरच व्हावी लागतात. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी जाऊन ताप व रक्तातील प्राणवायूची पातळी तपासली गेली. ग्रामीण भागात सुमारे हजार लोकसंख्येमागे एक आशा सेविका, ही योजना २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली होती. म्हणूनच ती ऐनवेळी हाताशी होती.

जुलै २०२१ मध्ये साथ पुरती ओसरली नसतानाच कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. घर सोडणाऱ्या कुटुंबांना एका छताखाली आणावे तर संसर्गाचे भय, न आणावे तर पाण्याचे. अशा वेळी कोणत्या घरात कोण आजारी, कोण गरोदर, कोणाला रोजचे औषध लागते, हे वस्तीत नित्य फिरणाऱ्यांनाच ठाऊक असते.

आमचे स्थान

उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या असतात. मे २०२० मध्ये शासनाने खासगी व धर्मादाय रुग्णालयांतील ऐंशी टक्के खाटांचे नियंत्रण व दर आपल्या हाती घेतले. निर्णय आवश्यकच होता. परंतु हे नाते संकटाच्या भरात जुळवण्याऐवजी आधीच ठरलेले असावे, असे आम्हांस वाटते. खाटांची माहिती कोणाला द्यावयाची, रुग्ण पुढे पाठवताना कोणाशी बोलावयाचे, पुरात रस्ता बंद झाल्यास कोणत्या बाजूस न्यावयाचे, हे कागदावर असले पाहिजे.

देणगीदारांना एक विनंती. यंत्रासाठी देणगी मिळते, कारण ते डोळ्यांना दिसते. परिचारिकांचे प्रशिक्षण, रात्री दूरध्वनीवर बसणारा जाणता माणूस, प्राणवायूच्या नळ्यांची देखभाल यांसाठी हात पसरताना आम्हांला आजवर संकोच वाटत आला. यापुढे तो आम्ही बाळगणार नाही. पुढच्या साथीत कोणी “बेड कुठं मिळेल?” असे विचारले, तर त्यास उत्तर मिळावे, एवढ्याचसाठी ही तयारी.