निवड झाली, मग पैसे कशाचे?

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना दिल्लीच्या एका युवा नेतृत्व परिषदेचं निवडपत्र मला ई-मेलवर आलं. हजारो अर्जांमधून तुमची निवड झाली आहे, असं वर लिहिलं होतं. खाली होतं, नोंदणी शुल्क उद्या रात्रीपर्यंत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आमचं घर हिंगणघाट तालुक्यातलं, कापसावर चालणारं. बाबांनी ते पत्र माझ्याकडून मराठीत समजून घेतलं आणि एवढंच विचारलं, “निवड केली म्हणते ना, मंग पैसे कायचे घेऊन राहिले ते?” कापसाचा चुकारा नुकताच हातात आला होता, त्यातून त्यांनी पैसे दिलेही. पण अशा परिषदेबद्दल आज कोणी विचारलं, तर मी सगळ्यात आधी त्यांचा तो प्रश्न सांगते.

कॉलेजातल्या आम्ही काही जणी सेवाग्राम स्थानकावरून जीटी एक्स्प्रेसने गेलो. अर्ज केलेल्या एकीलाही नकार आला नव्हता, हे गाडीत बोलताबोलता कळलं. दिल्लीत हॉटेलचा भला मोठा हॉल होता. वक्त्यामागून वक्ता येऊन आपल्या यशाची गोष्ट सांगत होता, आणि प्रश्नांची वेळ आली की सत्र संपत होतं. गटचर्चा फोटो निघेपर्यंत चालायची. प्रमाणपत्र आणि पदक सगळ्यांनाच होतं.

तिथे काहीच मिळालं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जेवणाच्या रांगेत आसामची एक मुलगी भेटली. ती गावात लहान मुलांची अभ्यासिका चालवत होती. पुस्तकं कुठून आणते, पावसाळ्यात मुलं येतात का, आईवडील काय म्हणतात, असं आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. चारचौघांत हिंदीत बोलायचा माझा संकोच तिथेच गेला. मंचावरून जे मिळायला हवं होतं, ते मला त्या मुलीकडून मिळालं.

शेवटच्या दुपारी खरा हिशेब समोर आला. प्रत्येकाला ‘कॅम्पस अॅम्बॅसडर’ व्हायचं आमंत्रण मिळालं. आपल्या नावाचा कोड घ्यायचा, कॉलेजातल्या दहा जणांना त्या कोडवर नोंदणी करायला लावायची, म्हणजे पुढच्या वर्षी आपलं शुल्क माफ. मी कोड घेतला नाही. मागच्या वर्गातल्या मुली “ताई, कशी होती गं परिषद?” असं विचारतात, ते माझ्यावर विश्वास टाकून. त्यांच्या घरीही कापूसच आहे. त्या विश्वासावर कोणाचं दुकान चालावं, हे मला पटणारं नव्हतं, आजही पटत नाही. तुम्हाला असा कोड मिळाला, तर घेण्याआधी कॉलेजातल्या त्या दहा जणांच्या घरची परिस्थिती एकदा मनात आणा.

खरी परिषद कशी असते, हे तर आपल्या वर्ध्यातच पाहायला मिळतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिकवणं, हातच्या उद्योगाभोवती अभ्यासक्रम, आणि त्या उद्योगातून हळूहळू शिक्षकांच्या पगाराचा खर्च निघावा, असे ठराव झाले. लगेच झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, डिसेंबरात तिचा अहवाल तयार झाला आणि पुढच्या वर्षी हिंदुस्तानी तालीमी संघ उभा राहिला. या शिक्षणपद्धतीची, म्हणजे नई तालीमची, सेवाग्रामची शाळा त्यातूनच चालली. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणारे डॉ. अभय बंग त्याच शाळेत शिकले.

विनोबा भाव्यांचं तर आणखी वेगळं. शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला ते ८ मार्च १९५१ रोजी इथून पायी निघाले, थेट हैदराबादजवळ. संमेलन आटोपल्यावर ते तेलंगणातल्या गावांमध्ये शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, तेव्हा तिथले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान चळवळ सुरू झाली. संमेलनातली भाषणं आज किती जणांना आठवतात? त्यानंतरची वाट मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून परिषदेच्या माहितीपत्रकात वक्त्यांच्या फोटोंपेक्षा, नंतर आपल्याकडून काय अपेक्षित आहे, ते शोधा. काहीच अपेक्षित नसेल, तर ती सहल आहे. सहलीला जावं, पण सहल समजून. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी २००६ मध्ये तरुणांसाठी सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम पाहा. त्याचा अर्ज भरतानाच आपण काय केलं आणि काय करायचं आहे, याचा विचार करावा लागतो. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरंही आपण उगाच कमी लेखतो. गावात राहून काम करायला लावणारं ते शिबिर नेतृत्वाची चांगली शाळा आहे आणि त्यासाठी घरून मोठी रक्कम आणावी लागत नाही.

शेवटच्या सेमिस्टरला तारखांकडे फार जपून पाहा. आमच्यातल्या एकीची प्रकल्पाची तोंडी परीक्षा नेमकी परिषदेच्या दिवसांत लागली. तिने विभागात फक्त तोंडी सांगितलं होतं, लेखी अर्ज दिला नव्हता. तिचा विषय राहिला, निकाल लांबला आणि हातात आलेली नोकरी गेली. तिकीट काढण्याआधी विभागप्रमुखांना अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक, प्रकल्प यांपैकी एकाचीही तारीख ठरायची बाकी असेल, तर जाऊ नका. परिषदा पुढेही होतील. त्या वर्षीची परीक्षा मात्र तेव्हाच द्यावी लागते.

पैशांच्या बाबतीत घाई करणाऱ्यांपासून दूर राहा. शुल्कात प्रवास, राहणं, जेवण यांतलं काय येतं, रद्द केलं तर किती परत मिळतं, हे लेखी मागा. पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले तर देऊ नका. संस्थेच्या खात्यात भरा आणि पावती घ्या. संकेतस्थळावरचे अभिप्राय वाचून भागत नाही. मागच्या वर्षी जाऊन आलेल्या आणि अॅम्बॅसडर नसलेल्या कोणाला तरी फोन करा. परदेशातल्या परिषदेचं निवडपत्र आलं, तरी व्हिसा मिळेलच असं नसतं, आणि तो नाकारला गेला तर नोंदणीचे पैसे बुडतात का, हे आधीच विचारा.

पैसे भरून झाले आणि समोरचा फोन उचलत नसेल, तर लाजेने गप्प बसू नका. स्क्रीनशॉट, व्यवहाराचा क्रमांक आणि ई-मेल जपून ठेवा, त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि घरी सांगा. बाबा रागावतील ते थोडा वेळ, पण पोलीस ठाण्यात सोबत तेच येतील.